तपासणीच्या खोलीत तिच्यासोबत: लैंगिक अत्याचारानंतरच्या न्यायवैद्यक तपासणीत साथ कशी द्यावी

या कामात नव्याने आलेली प्रत्येक जण मला एकच विचारते: "मी तिथे नेमकं करायचं काय?" डॉक्टर तपासणार, नर्स नमुने घेणार, पोलीस जबाब घेणार. मग आपण कशाला? मलाही पहिल्या वेळी हाच प्रश्न पडला होता, आणि उत्तर माहीत नसल्यामुळे मी नको तिथे बोलले, नको ते केलं. ते पुढे सांगतेच. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर मी एवढं ठामपणे सांगू शकते की त्या खोलीत प्रत्येकाचं लक्ष आपापल्या कामाकडे असतं. तिच्या 'हो'कडे आणि 'नको'कडे लक्ष ठेवायला एक माणूस लागतं, आणि ते काम आपलं.

लेखात मी 'ती' लिहिते आहे. पण अत्याचार पुरुषांवर, मुलग्यांवर, ट्रान्स व्यक्तींवरही होतो. पायऱ्या त्याच आहेत. फरक एवढाच की त्यांच्यावर विश्वास ठेवणारं माणूस त्यांना आणखी उशिरा भेटतं.

१. आधी तासांचा हिशेब समजून घ्या

ही तपासणी एकाच वेळी दोन कामं करते: उपचार आणि पुरावा. दोन्हींना वेळेची मर्यादा आहे, पण ती सारखी नाही. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

एचआयव्हीची लागण टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा रोखण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवसांपर्यंत देता येते, पण उशीर होईल तसा तिचा उपयोग कमी होत जातो. शरीरावरचे जैविक नमुने बहुतेक ठिकाणी ७२ ते १२० तासांपर्यंत घेतात, काही ठिकाणी योनीमार्गातले नमुने सात दिवसांपर्यंतही घेतात. तोंडातले नमुने सगळ्यात आधी नाहीसे होतात.

गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर आणखी घाई करावी लागते. काही औषधं लघवीत जेमतेम बारा तास सापडतात. म्हणून पहिली लघवी महत्त्वाची. दवाखान्यापर्यंत लघवी रोखून धरणं शक्य नसेल तर स्वच्छ, झाकणाच्या डबीत धरून सोबत न्यावी.

आता याची दुसरी बाजू. मुदत उलटून गेली, आठवडा झाला, महिना झाला, म्हणून जाऊ नये असं अजिबात नाही. जखमा, संसर्ग, गरोदरपण, मनावरचा आघात या सगळ्यांसाठी डॉक्टर तेव्हाही लागतात, आणि तिने सांगितलेली हकीकत नोंदवलेली असणं हाही पुरावाच असतो.

एका गोष्टीसाठी मात्र थांबायचंच नाही. तिचा गळा आवळला असेल तर थेट तातडीच्या विभागात न्या. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, श्वास लागतोय, डोकं दुखतंय, मध्येच शुद्ध गेली होती, कपड्यात लघवी झाली होती, यातलं काहीही असेल तर ते पहिल्या वाक्यात डॉक्टरांना कळलं पाहिजे. गळ्यावर एकही वळ नसताना आत गंभीर इजा असू शकते. भरपूर रक्तस्राव, पोटात तीव्र कळा, डोक्याला मार असेल तरी हेच. नमुने नंतर घेता येतील, आधी जीव.

२. निघण्याआधी फोनवर काय सांगायचं

आंघोळ करू नकोस, कपडे बदलू नकोस, जमलं तर लघवीला जाऊ नकोस, तोंड धुऊ नकोस. हे सगळं बरोबर आहे. पण कसं सांगता यावर सगळं अवलंबून आहे. फोन करणाऱ्या कितीतरी जणींनी आधीच आंघोळ केलेली असते, काहींनी तर दोन-तीनदा. त्यांना तुमचं वाक्य 'तू पुरावा घालवलास' असं ऐकू येतं. म्हणून मी आधी विचारते, "आंघोळ झाली का?" झाली असेल तर म्हणते, "काही बिघडलं नाही, तरीही तपासणी होते." आणि ते खरंच आहे. आंघोळीनंतरही नमुने मिळू शकतात, आणि जखमा काही धुतल्या जात नाहीत.

कपडे बदलले असतील तर ते न झटकता, न धुता कागदी पिशवीत ठेवायला सांगा. प्रत्येक कपड्याला वेगळी पिशवी. प्लास्टिक नको. त्यात ओल कोंडते, बुरशी धरते आणि नमुना कुजतो. कागदी पिशवी नसेल तर स्वच्छ कोऱ्या कागदात गुंडाळलं तरी चालेल. कपडे धुऊन झाले असतील तरी आणा.

तिच्या फोनमध्ये त्या माणसाचे मेसेज, फोटो, कॉल असतील तर रागाच्या भरात काही पुसू नकोस, एवढंच सांगा. तुम्ही ते वाचायला मागू नका.

३. पिशवीत काय हवं

माझी एक पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात:

- सैल, इलॅस्टिकची पँट आणि पुढून बटणं असलेला शर्ट (अंग दुखत असताना डोक्यातून कपडा घालणं फार त्रासाचं असतं)
- अंतर्वस्त्रं, दोन मापांची
- चपला. हे सगळे विसरतात. तिच्या चपला पुराव्यात जमा झाल्या तर अनवाणी घरी जायची वेळ येते
- सॅनिटरी पॅड, टॉवेल, कंगवा, केस बांधायला रबर
- जाडशी शाल किंवा चादर
- कागदी पिशव्या, पेन, छोटी वही
- फोनचा चार्जर
- पाणी आणि काहीतरी खायला, तपासणीनंतरसाठी

कागदपत्रांत तिचं ओळखपत्र, चालू औषधांची आणि ॲलर्जीची नोंद, आधी कुठे दाखवलं असेल तर तो कागद. शेवटच्या पाळीची तारीख विचारतील, ती तिला आठवत असेल तर बरं. ओळखपत्र हाताशी नसेल तर त्याच्यासाठी घरी परत जाऊ नका. विशेषतः अत्याचार करणारा त्याच घरात असेल तर मुळीच नाही.

४. दवाखान्याच्या दारात

नोंदणीच्या खिडकीवर मोठ्याने "काय झालंय?" असं विचारलं जातं आणि मागे रांग असते. हा क्षण तुम्ही आधीच अडवायचा. तिला बाजूला बसवा, स्वतः खिडकीपाशी जा आणि हळू आवाजात सांगा, "न्यायवैद्यक तपासणी आहे, बसायला वेगळी खोली हवी." घटनेचा एकही तपशील खिडकीवर द्यायची गरज नसते.

मग तिला सांगा की आता कोण कोण भेटेल आणि किती वेळ लागेल. दोन ते चार तास धरा, कधी जास्तही. "लगेच होईल" असं कधीही म्हणू नका. तासाभराने तुमच्या प्रत्येक शब्दावरचा तिचा विश्वास उडालेला असेल.

कायदा देशागणिक वेगळा आहे, म्हणून तुमच्या भागातली चार उत्तरं आधीच, शांत दिवशी, वकिलाकडून किंवा दवाखान्याकडून काढून वहीत लिहून ठेवा. पोलिसात तक्रार न करता तपासणी होते का? डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे का, आणि वय कमी असेल तर काय? नमुने तक्रारीविना किती काळ जपून ठेवतात? खर्च कोण करतं? काही देशांत तक्रारीचा निर्णय नंतर घेता येतो, नमुने तोवर राखून ठेवतात. काही ठिकाणी तसं नाही. तिने विचारल्यावर "बहुधा" असं उत्तर देऊ नका. चुकीच्या माहितीवर तिने घेतलेला निर्णय मागे फिरवता येत नाही.

५. संमती म्हणजे एक सही नव्हे

फॉर्म एक असतो, सही एक असते, पण संमतीचे तुकडे अनेक. उपचार, शरीराची तपासणी, आतली तपासणी, नमुने, फोटो, रक्त-लघवी, पोलिसांना माहिती, या प्रत्येकाला ती वेगवेगळं हो किंवा नको म्हणू शकते. जखमांचे फोटो हो, पण आतली तपासणी नको, हे चालतं. अर्ध्यावर नको म्हटलं तरी चालतं. आणि तपासणीला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. हे वाक्य तिला डॉक्टरांच्या आधी तुमच्याकडून कळू द्या.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे नातेवाईक. आई, नवरा, भाऊ म्हणतात, "कर म्हणावं सगळं, पुरावा नको का?" त्यांचं चुकतं असं नाही, ते घाबरलेले असतात. पण सही तिची आहे. मी डॉक्टरांना सांगते, "संमतीबद्दल तिच्याशी एकटीशी बोलता का?" आणि त्या वेळी मीही बाहेर थांबते. खोलीत कोण हवं, कोण नको हेही तिलाच विचारायचं, आणि त्या यादीत तुमचंही नाव धरायचं. "मी आत येऊ की दाराशी थांबू?" ती "बाहेर थांबा" म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका.

कागदावरची भाषा तिला समजत नसेल तर दुभाषा मागा. घरातल्या माणसाला दुभाषा करू नका, तुम्हीही होऊ नका.

६. ती हकीकत सांगत असताना

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा डॉक्टरांनी एका मुलीला विचारलं, "त्यानं तोंडावर हात ठेवला होता का?" ती गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. मला ती शांतता सोसवेना. वाटेत तिने मला सांगितलं होतं, म्हणून मी म्हणाले, "हो, ठेवला होता." डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तिचे शब्द आहेत की तुमचे?" नंतर बाहेर त्यांनी समजावलं: नोंद तिच्याच शब्दांत हवी, अवतरण चिन्हांत. दुसऱ्याने भरलेली गाळलेली जागा पुढे उलटतपासणीत तिच्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते.

तेव्हापासून नियम एकच. ती गप्प असेल तर आपणही गप्प. फार तर, "वेळ घे. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हटलं तरी चालतं." आठवणी तुकड्यातुकड्यांनी येणं, क्रम मागेपुढे होणं, मध्येच हसू येणं, काहीच भाव नसलेला चेहरा, हे सगळं आघातात होतं. "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न कुणाच्याही तोंडून आला तर तो तिथेच थांबवा. शरीर गोठतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींना हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असं गोठणं अनुभवाला आलं होतं. त्यांना हलता येत नव्हतं. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण तो मला वारंवार कुणालातरी सांगावा लागतो. बरेचदा तिलाच.

वाटेत तपशील खोदून विचारू नका. अनेक ठिकाणी सोबत गेलेल्या माणसालाही साक्षीला बोलावतात आणि त्याच्या वहीतल्या नोंदी मागतात. माझ्या वहीत वेळा, नावं, हुद्दे आणि पुढच्या भेटींच्या तारखा असतात. घटना नसते.

७. प्रत्यक्ष तपासणी

तपासणीआधी तिला क्रम माहीत असला तर भीती निम्मी होते. साधारण असं होतं: ती जमिनीवर पसरलेल्या मोठ्या कागदावर उभी राहून कपडे काढते, म्हणजे अंगावरून पडलेला केस, माती, धागा त्याच कागदावर राहतो. मग तो कागद घडी घालून पाकिटात जातो. डोक्यापासून पायापर्यंत पाहतात, जखमा आकृतीवर मांडतात, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढतात. नखांखालचं, त्वचेवरचं, तोंडातलं, आणि घटनेनुसार गुद व योनी भागातलं कापसाच्या काडीने घेतात. शेवटी रक्त आणि लघवी. गुंगीचा संशय असेल तर मात्र लघवी सुरुवातीलाच द्यायला सांगा. एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा असावा, बाकी झाकलेलं. तसं नसेल तर तुमची शाल पुढे करा. कुणाला विचारत बसू नका.

पाण्याची गोष्ट. एकीला घसा कोरडा पडला होता. मी बाटली दिली, ती घटाघटा प्यायली. तोंडातले नमुने घ्यायचे बाकी होते. आता मी आधी नर्सला विचारते, "तिला तहान लागली आहे, तोंडाचे नमुने आधी घेता का?" दोन मिनिटांचं काम असतं, आणि मग तिला हवं तेवढं पाणी पिता येतं.

तुम्ही तिच्या डोक्याच्या बाजूला उभं राहायचं. नजर तिच्या चेहऱ्यावर, खाली नाही. हात धरण्याआधी विचारायचं. आम्ही एक खूण ठरवतो: तिने माझी दोन बोटं दाबली की मी म्हणते, "डॉक्टर, जरा थांबू या." त्या वेळी तिच्या घशातून शब्द फुटत नाही, बोटं मात्र हलतात. एका बाईने पूर्ण तपासणीत सात वेळा बोटं दाबली. डॉक्टर सातही वेळा थांबल्या. आठव्यांदा ती स्वतःच म्हणाली, "थांबा." मी त्या दिवशी दुसरं काहीही केलं नाही.

'अगं-तुगं' करण्याआधीही विचारा. वयाने लहान दिसली म्हणून तिला एकेरीत हाक मारायचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. "तुम्हाला काय म्हणू?" या साध्या प्रश्नाने कितीतरी जणींचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत.

आणि एक गोष्ट जी होऊच नये: दोन बोटं घालून 'कौमार्य' किंवा 'संबंधांची सवय' तपासणं. त्याला शास्त्रीय आधार शून्य आहे. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आणि यूएन विमेन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये कौमार्य चाचणी बंद करण्याचं आवाहन केलं. योनीपटलाकडे पाहून कुणी पूर्वी संबंध ठेवले होते की नाही हे सांगता येत नाही. डॉक्टर तसं करू लागले तर शांत पण स्पष्ट शब्दांत म्हणा, "याला तिची संमती नाही." आणि वेळ लिहून ठेवा.

जखम सापडली नाही तर ती कोसळते. "म्हणजे कुणी मानणार नाही." तिला तिथल्या तिथे सांगा की बहुतेकदा आत दिसणारी जखम नसतेच, आणि जखम नसणं म्हणजे अत्याचार नसणं नव्हे. तपासणीने बलात्कार 'सिद्ध' होत नाही, तो ठरवण्याचं काम न्यायालयाचं. डॉक्टर फक्त काय दिसलं आणि काय मिळालं ते लिहितात.

मूल असेल तर नियम आणखी कडक. प्रशिक्षित डॉक्टरच हवेत, प्रश्न कमीत कमी आणि एकदाच. वयात न आलेल्या मुलीची आतली तपासणी जागेपणी उपकरण घालून करत नाहीत. खरोखर गरज असेल तर भूल देऊन करतात. कुणी घाईने करू पाहत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञाला बोलवायला सांगा.

८. पाकिटं, सील, सह्या

नमुने गोळा करण्याची तयार पेटी ही मार्टी गोडार्ड या कार्यकर्तीच्या चिकाटीतून शिकागो परिसरातल्या रुग्णालयांत १९७८ साली वापरात आली. त्याआधी नमुने कसे घ्यायचे आणि कसे ठेवायचे याची धड पद्धत नव्हती, पाकिटं हरवायची, नावं अदलाबदल व्हायची. म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी तिला मान द्या.

स्वॅब, म्हणजे नमुना घेतलेल्या कापसाच्या काड्या, हवेवर वाळवून मगच बंद करायचे असतात. ओला स्वॅब पाकिटात घातला तर कपड्यांसारखाच कुजतो. प्रत्येक पाकिटावर नाव किंवा क्रमांक, शरीराचा भाग, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही, मग सील. पुढे ते ज्याच्या ज्याच्या हातात जातं त्याची नोंद. ही साखळी एका जागी तुटली की बचावाच्या वकिलाला तेवढं पुरतं. तुम्ही कुठल्याही पाकिटाला हात लावू नका, "जरा धरता का?" म्हटलं तरी. क्रमांक मात्र वहीत उतरवून घ्या.

९. औषधं घेतल्याशिवाय निघू नका

सगळे दमलेले असतात, पुरावा झाला की काम झालं असं वाटतं, आणि उपचार 'उद्या या'वर जातात. हा सापळा मला सगळ्यात जास्त राग आणतो. निघण्याआधी विचारा: गर्भ रोखण्याची गोळी? एचआयव्हीची औषधं? लैंगिक संसर्गावरची औषधं? हिपॅटायटिस बीची लस? जखम मातीने भरली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन? गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं, तेही विचारून घ्या. औषधाची चिठ्ठी नको, औषध हातात हवं. रात्री दोन वाजता ती दुकान शोधत फिरणार नाही.

मग अंघोळीची सोय मागा. जिथे आहे तिथे ती आधी तेच मागते.

१०. पुढचे दिवस

वळ कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात. तेव्हा पुन्हा जाऊन फोटो आणि नोंद करून घ्या. पाळी चुकली तर, किंवा तीन आठवड्यांनी, गरोदरपणाची चाचणी. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्या साधारण सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. एचआयव्हीच्या औषधांनी मळमळ, थकवा येतो आणि पुष्कळ जणी आठव्या-दहाव्या दिवशी ती सोडून देतात. मी त्या दिवसांत मुद्दाम फोन करते. पण फोन कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर मी स्वतःला कोण म्हणून सांगायचं, हे दवाखान्यातच ठरवून घ्या.

घरी सोडण्याआधी एक प्रश्न मी कधीच विसरत नाही: "घरी जाणं सुरक्षित आहे का?" उत्तराआधी तिने दाराकडे पाहिलं तर गाडी सुरू करू नका.

आणि कागद. तपासणीचा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचं नाव, तारीख, पाकिटांचे क्रमांक, पुढच्या भेटी, हे सगळं एका पाकिटात घालून तिला द्या. ते ठेवायला घरात जागा नसेल तर तिने नाव सांगितलेल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. न्यायालयाचं पत्र कधी कधी दोन वर्षांनी येतं. तोवर तिने नोकरी बदललेली असते, घर बदललेलं असतं, आणि ती तुम्हाला फोन करून विचारते, "ते पाकीट कुठे ठेवलं होतं आपण?"